केळघरच्या घाटात धरलेलं चाक

एकोणीसशे शहात्तरचा सप्टेंबर होता. सकाळी साताऱ्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात बसून मी सायकलच्या साखळीला तेल घालत होतो. सांगली ते महाबळेश्वर अशी दोन दिवसांची शर्यत होती. सपाटीचा पहिला दिवस पार पडला होता. आज मेढा, केळघर आणि मग घाट. मुंबईचा एक गडी माझ्यापुढं दोन मिनिटांनी होता, आणि ती दोन मिनिटं मिळाली तर घाटातच मिळणार होती.

माझा जोडीदार दादासो फौजेत होता. सुटी काढून आलेला. माझं तासगावात सायकल दुरुस्तीचं दुकान. तो अंगानं दणकट, मी काटकुळा. म्हणून चढाला मी बरा. त्यानं डाव मांडला होता तो असा. घाट लागला की तो पुढं राहणार, वारा स्वतःच्या छातीवर घेणार. मी त्याच्या मागच्या चाकाला हातभर अंतरानं चिकटून दम राखायचा आणि शेवटच्या चार वळणांवर सुटायचं.

"चाकाकडं बघायचं न्हाई, सिकंदर," तो म्हणाला. "चाकाकडं बघितलं की डोळं फिरत्यात. कमरंकडं बघायचं. आन् मी नाव घिऊन बोलवल्याबिगर पुढं यायचं न्हाई."

मेढ्यापर्यंत आम्ही वीस-बावीस जण एका घोळक्यात होतो. केळघरात शिरताना समोरून म्हशींचा कळप आडवा आला. घोळका फुटला. कुणी डावीकडून गेलं, कुणी थांबलं, दोघं पडले. मी फटीतून निसटलो आणि मान वर केली तर घाट दिसेना. सगळा डोंगर धुक्यात बुडाला होता.

पहिल्या वळणाला पाठीमागचे आवाज बंद झाले. ओल्या शेवाळाचा आणि कुजक्या पाल्याचा वास येत होता. कुठंतरी पाणी झिरपत होतं. माझा श्वास आणि साखळीची कुरकुर, बाकी काही नाही. दुसऱ्या वळणावर पुढं एक पाठ दिसली. रुंद, वाकलेली, गडद बनियनातली. दादासो आधीच पुढं पोचला, असं वाटून मला हायसं वाटलं. चार पायडल जोरात मारून मी त्याचं चाक धरलं.

इतका सुरेख चढणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. खांदे हलत नव्हते. कोपरं सैल, मान खाली, कंबर जागच्या जागी. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. कडक चढालाही तो सीटवरून उठला नाही. फौजेत शिकवतात ते खरं, असं मी मनात म्हणालो. त्याच्या लयीत माझे पाय आपसूक फिरू लागले. दम लागेना, मांड्या दुखेनात. किती वळणं गेली ते मी मोजायचं विसरलो.

मग एका वळणाच्या अलीकडं त्यानं उजवं कोपर हलवलं. पुढं ये, अशी ती खूण. आणि तो स्वतः डोंगराच्या बाजूला सरकला, म्हणजे मी दरीच्या अंगानं पुढं जावं. मी पायडलवर जोर दिला. पण त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं.

"दादासो," मी हळू म्हणालो, "आत्ताच का?"

नुसतं कोपर पुन्हा हललं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्याच्या साखळीचा आवाज मला एकदाही आला नव्हता. मी वेग कमी केला. शर्यतीत चाक सोडणं म्हणजे हातानं डाव घालवणं, तरी केला. मधलं अंतर वाढलं नाही. हातभर होतं ते हातभरच राहिलं. मी आणखी मंदावलो, शेवटी पाय टेकून उभा राहिलो...

तोही उभा राहिला. पाय न टेकता. त्या चढावर, दोन चाकांवर, जराही न डुलता, माझ्याकडं पाठ करून.

मी बिस्मिल्ला म्हणून नजर खाली घातली. माझं पुढचं चाक रस्त्याच्या कडेला होतं. कठडा पावसात ढासळला होता आणि चाकापुढं वीतभर गवत होतं. त्यापुढं नुसतं धुकं. मी सायकलवरून उतरलो, रस्ता ओलांडला, डोंगराच्या ओल्या खडकाला एक हात लावत सायकल ढकलत निघालो. मान वर केली नाही. शंभरएक पावलं तशीच गेली. खडकाचा स्पर्श सुटला आणि रस्ता सरळ झाला, तेव्हा डोळे वर केले. पुढं कुणी नव्हतं.

उरलेला चढ मी रडतखडत चढलो. वर शेवटच्या रेषेपाशी शर्यतीचे पंच लालासाहेब मास्तर घड्याळ घेऊन बसले होते. त्यांनी वेळ टिपली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मागचा गडी यायला साडेतीन मिनिटं लागली. शर्यत मी जिंकली होती. माझ्यापुढं कुणी गेलं का, असं मी विचारलं, तर मास्तर म्हणाले, तूच पहिला.

दादासो तासाभरानं मागच्या जीपमधून आला. म्हशींच्या गर्दीत पडून त्याची साखळी तुटली होती. तो घाटाला लागलाच नव्हता. मी एकट्यानं घाट मारला याचा त्याला एवढा आनंद, की तो स्वतःच बादली घेऊन माझं तोंड धुवायला बसला. ओला पंचा माझ्या तोंडावरून फिरवला आणि त्याचा हात थांबला.

"म्होरं कोण हुतं तुझ्या?"

मी पंचाकडं बघितलं.

"एकट्या गड्याचा चिखल पाठीवर उडतो, सिकंदर," तो अगदी हळू म्हणाला. "तोंडावर उडतो तो म्होरच्या चाकाचा."

त्या घाटातली माती तांबडी. माझ्या पाठीवरचा चिखलाचा पट्टा तांबडाच होता. पंचावर उतरलेला चिखल मात्र काळाभोर होता, डोहाच्या तळातल्या गाळासारखा, आणि बोटाला गार लागत होता. दादासोनं पंचा पिळला, कुडाच्या दोरीवर उन्हात टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तासगावची गाडी धरली, तोवर तो वाळला नव्हता.