मुरलेला भार

जुने संगणक तपासून दुरुस्त करणाऱ्या साताऱ्याच्या पुरासंगणक प्रयोगशाळेत कुंभारघळ धरणाचा जुना संगणक टेबलावर उघडून ठेवला होता. धरणाचे निवृत्त मुख्य अभियंता भास्करराव निंबकर समोर खुर्ची ओढून बसले होते. ते यंत्र आता संग्रहालयात जाणार होतं आणि त्याखालच्या फलकाचा मजकूर त्यांनीच लिहिला होता : ‘पुराच्या सकाळी चालक दत्तू खैरमोडे यंत्र बंद करून घरी गेला, म्हणून धोक्याचा भोंगा वाजला नाही.’

दत्तूची मुलगी नलिनी दाराशी उभी होती. तो फलक लागू नये, एवढ्यासाठी ती आली होती.

“सगळी धारित्रं बदला हं, डॉक्टर,” भास्करराव म्हणाले. “जुनं एकही नको.”

“एवढी घाई?” प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. इरावती मुळ्ये यांनी चष्म्यावरून पाहिलं. “बदलायची तर आहेतच. धारित्र म्हणजे आपला कॅपॅसिटर. आतलं रसायन आटलं की वीज देताच फुटतो. पण आधी वाचू.”

“वाचू म्हणजे?” नलिनीने विचारलं.

“बरणी रिकामी केली तरी लोणच्याचा वास राहतो ना? तसा धारित्रात थोडा विद्युतभार मुरून राहतो. आमचा स्मृतिवाचक त्यावरून सांगतो, यंत्र कसं चाललं, कधी बंद पडलं. मात्र एकदाच. वाचताना तो भार निघून जातो.”

इरावतीबाईंनी भिंग धरलं. “पण या धारित्रांवर छापलेलं वर्ष पुरानंतरचं आहे.”

“हो, हो! पुरानंतर दुरुस्ती झाली होती. विसरलोच.” भास्कररावांनी पाठ टेकली आणि चहा मागवला.

नलिनीने पिशवीतून पितळी डबी काढली. झाकण जरासं उघडून तिने एक काळा कॅपॅसिटर इरावतीबाईंच्या हातावर ठेवला. “रिपेअरवाल्याकडून जुना पार्ट मागून घ्यायचाच, ही बाबांची सवय. त्या दुरुस्तीच्या वेळीही. नाहीतर खरंच बदलला की नुसता पुसून बसवला, कसं कळणार? आई म्हणायची, यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही.”

“भंगारातला असेल!” भास्करराव म्हणाले.

“नाही. जुन्याचे पाय कापून त्यांच्या खुंटांवरच नवा जोडलाय. याचे काप त्या खुंटांशी जुळतात.” इरावतीबाईंनी स्मृतिवाचक जोडला. पडद्यावर रेघ उमटली.

“पाणी शिरेपर्यंत यंत्र चालूच होतं. आणि हे खड्डे? भोंगा वीज ओढतो तेव्हा पडतात. संगणकाने पुन्हा पुन्हा भोंगा लावला आणि आवाज धरायच्या आत कुणीतरी तो तोडला. भोंगा बंद करायचं बटण कुठे होतं?”

“या साहेबांच्या केबिनमध्ये,” नलिनी म्हणाली.

भास्कररावांनी कप खाली ठेवला. “पुन्हा वाचून दाखवा.”

“नाही येणार.”

“मग उरलं काय? असली रेघ आजकाल शेंबडं पोरही बनवून देतं.” ते हसले.

नलिनीने डबी कानाशी नेऊन हलवली. आत खुळखुळलं.

“सगळे एकदम बाहेर काढायला मी वेडी आहे का, साहेब? दत्तूची लेक आहे मी. बाकीचे कोर्टात वाचू.”