उजवा हात मास्तरांचा

"भीती घालायला सांगत नाही रे," गच्चीवरचा दिवा मालवत वसंतअण्णा पोरांना म्हणाले. "उणकलच्या मुकुलचं सांगतो. खरं की खोटं, मला अजून ठरवता येत नाही."

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाचा दिवस. संध्याकाळी मुकुल केलगेरीला गेला, वादिराज मास्तरांचं ड्रमच्या सरावाचं रबरी पॅड आणायला. मास्तर वारून महिना झाला होता. दुसऱ्या दिवशी सरकारी बँडच्या भरतीची परीक्षा. वयाच्या अटीमुळे शेवटचीच. उजवा-उजवा, डावा-डावा, सलग घुमणारे ठोके, एवढाच रोल. पण मुकुलचा डावा हात दुसऱ्या ठोक्याला मरायचा.

"ने बाबा," मास्तरांच्या बायको अंबूताई म्हणाल्या. "पण सवयीनं 'बसा मास्तर' म्हणू नको. बोलावल्याशिवाय ते बसत नसत, आणि 'झालं' म्हटल्याशिवाय उठत नसत."

"अय्यो अक्का, घाबरवता काय!"

मास्तरांची रीत वेगळी होती. मुकुलचा उजवा हात पंच्यानं खुर्चीला बांधायचा. त्यानं फक्त डाव्याचे दोन ठोके द्यायचे; उजव्याचे दोन मास्तर समोर बसून देत. काठ्यांच्या टोकांना खडू लावायचा. मुकुलचा पांढरा, मास्तरांचा लाल. कुणाचा ठोका कुठे पडला, ते पॅडच सांगे.

रात्री साडेअकराला घरी मुकुलनं पॅड ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलं आणि दातांनी गाठ आवळली. पांढरा खडू लावला. उजव्याचे ठोके मनात धरून डावा मारू लागला. जमेना. पुन्हा. जमेना. बोटं सोलली, डोळे भरले. आणि रडवेल्या तोंडून निघून गेलं,

"बसा ना हो, मास्तर..."

समोरचं स्टूल करकरलं.

टक टक.

मुकुलचा डावा आपसूक पडला. टक टक. समोरून उत्तर. लय वाढली. रोल भरला. असा गोल, असा एकसंध... आयुष्यात पहिल्यांदा.

मान वर करवेना.

मनगट पेटलं. हात थांबेना. 'झालं' म्हणायचं होतं. ओठांवर आलंही. पण म्हटलं... आणि उद्या डावा पुन्हा मेला तर?

त्यानं ओठ मिटून घेतले.

टक टक...

पहाटे आईनं गाठ सोडली, तेव्हा तो खुर्चीतच होता.

अण्णा थांबले.

"नोकरी लागली?" पोरांतल्या उत्तरानं विचारलं.

"लागली. 'झालं' मात्र त्यानं अजून म्हटलेलं नाही. पॅड घरात नको म्हणून माझ्याकडे आणून टाकलंय. त्या दिवसापासून त्यावर काठी पडलेली नाही."

अण्णांनी पिशवीतून ते काढलं. उत्तरानं अंधारातच त्यावर बोट फिरवलं, मग मोबाईलचा उजेड पाडला.

बोट लाल झालं होतं.