चौसष्टमध्ये तीन पाहुणे

अंतराळयान ‘मैनाक’चा मुख्य संगणक जळाला, तेव्हा यानात दोन माणसं आणि एक लॅपटॉप उरला. शाल्मली घैसास संगणकतज्ज्ञ, अन्वर मुजावर वैमानिक. पृथ्वी महिनाभराच्या अंतरावर होती आणि अन्वरचं पोट सकाळपासून उजवीकडे दुखत होतं. शाल्मली घाबरली होती, आणि घाबरली की तिला बडबड सुटायची.

“एका लॅपटॉपवर तीन आभासी यंत्रं चालवायची,” ती म्हणाली. “प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र संगणक आहोत. एक हवा सांभाळेल, एक मार्ग. तिसऱ्यात आई.”

आई म्हणजे डॉ. कुमुदिनी घैसास, नावाजलेल्या सर्जन. त्या वारल्या, पण त्याआधी त्यांच्या मनाची प्रत काढून ठेवली होती. ही मनप्रतच यानाची डॉक्टर होती; संगणक जळताना शाल्मलीने ती कशीबशी लॅपटॉपच्या स्मृतीत ओढून घेतली होती.

“स्मृती किती लागेल, ताई?” अन्वरने विचारलं.

“हवेला चोवीस, मार्गाला चोवीस, आईला चाळीस. झाले अठ्ठ्याऐंशी गिगाबाइट. लॅपटॉपमध्ये आहेत चौसष्ट.”

“मग कसं भागायचं?”

“लग्नात भागवतात तसं. पत्रिका पाचशे, स्वयंपाक चारशेंचा. सगळे एकदम कुठे येतात? कमी पडलं की यजमान, म्हणजे लॅपटॉपची मूळ यंत्रणा, प्रत्येक पाहुण्या यंत्राला विचारेल, तुझ्याकडची किती सोडतोस? जो सोडेल त्याच्या आत एक फुगा फुगवायचा. फुग्याने अडवलेली जागा दुसऱ्याला.”

“त्या जागेत जे असेल त्याचं काय?”

“एरवी डिस्कवर उतरवून ठेवतात. आपली डिस्क संगणकाबरोबरच जळाली. जागा परत मिळेल, मजकूर नाही.”

“आणि पाचशेच्या पाचशे पंगतीला बसले तर?”

शाल्मलीने लॅपटॉप पुढे ओढला आणि पहिलं यंत्र चालू केलं.

दुपारी अन्वरचं अपेंडिक्स फुटायच्या बेताला आलं. शाल्मलीने त्याला टेबलाला पट्ट्यांनी बांधलं, छातीपासून खाली बधिर केलं. हात तिचे, अक्कल आईची.

“शालू, श्वास सोड. सुरी पेनासारखी धर, तलवारीसारखी नको,” आईचा आवाज आला.

पोट उघडलं आणि हवेची घंटा वाजली. शुद्धीकरणात बिघाड झाला होता आणि हवा-यंत्राला स्मृती कमी पडत होती. यानाचा वेग बदलायची वेळही तीच, म्हणून मार्ग-यंत्रालाही जास्त हवी होती. पंगतीला सगळे एकदम बसले होते. यजमानाने विचारलं. हवा-यंत्र म्हणालं, सोडता येत नाही. मार्ग-यंत्रही तेच म्हणालं.

“माझ्याकडची घ्या,” आई म्हणाली. “मला पुरे आहे.”

पडद्यावरचा चाळीसचा आकडा तिसावर आला, मग सोळावर. जन्मभर ही बाई सगळ्यांच्या मागून जेवली, पातेल्याच्या तळाशी उरेल ते. आपल्याकडे पाहुण्याला विचारून वाढत नाहीत; विचारलं की तो ‘पुरे’च म्हणतो. हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, आणि एवढ्या शिकलेल्या शाल्मलीने यंत्रणेला विचारायला शिकवलं होतं.

“आई, नाही म्हण! सोडू नकोस!” दोन्ही हात अन्वरच्या पोटात होते, कळफलकाला लावता येत नव्हते.

“अगं, तुम्हाला श्वास घ्यायचाय. ऑपरेशनला लागतं तेवढं मी ठेवलंय. बाकीचं घेऊन काय करू? खालची रक्तवाहिनी बांध आधी.”

शाल्मलीने बांधली. अपेंडिक्स सुटून हातात आलं. घंटा थांबली, यंत्रांनी घेतलेली जागा परत केली.

“आई, जागा मोकळी झाली. माग आता. पटकन माग!”

“कशासाठी?” आवाज शांत होता, प्रसन्नसुद्धा. “मला काही कमी नाही. तुमचा हात मात्र छान आहे हं, बाई. कुठे शिकलात?”

जो मागेल त्यालाच यजमान देणार होता, आणि काय गेलं हेच माहीत नसलेला माणूस मागणार तरी काय?

“ताई,” अन्वर खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, “टाके राहिलेत ना अजून?”

तेवढ्यात हवेची घंटा पुन्हा वाजली.

“घाबरू नका,” डॉ. घैसास म्हणाल्या. “लागेल तेवढी माझ्याकडची घ्या. एकटा जीव, ना मूल ना बाळ. मला कितीशी लागणार?”