सहावं वचन

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं, मला वाद घालायचा नाही.

हे घडलं माझ्या सख्ख्या मावशीसोबत. महानंदामावशी.

गावाचं नाव सांगणार नाही, कारण त्या बायका अजून तिथंच राहतात. मन्नाएखेळ्ळीला हायवेवर उतरायचं, ऑटोनं नदीपर्यंत जायचं, पुढं पायी. दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. वार गुरुवार.

आणि रात्र नव्हती... टळटळीत दुपार होती.

मावशी बायबलबाई. म्हणजे चर्चकडून खेड्यापाड्यांत जाऊन बायकांना बायबल शिकवणारी. वीस वर्षं झाली, हेच काम. जिवाला जीव देणारी बाई, पण शिकवायला बसली की भारी कडक. आम्ही भाचरं तिच्यापुढं पाढे म्हणतानासुद्धा थरथरायचो.

त्या गावात दर गुरुवारी सोजराबाईच्या घरी सहा बायका जमायच्या. वाचता कुणालाच येत नव्हतं, म्हणून सगळं तोंडपाठ.

पद्धत ठरलेली होती. आठवडाभर रोज मूठभर ज्वारी देवाच्या नावानं बाजूला काढायची. गुरुवारी आलं की आधी ती दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात ओतायची. मग डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, आणि एकेकीनं वचनं म्हणायची. कुणी अडलं तर मावशी सांगायची नाही. शेजारणीलाही सांगू द्यायची नाही.

"आठवा," एवढंच म्हणायची.

शोभाबाई त्यातली सगळ्यात म्हातारी. सत्तरी उलटलेली, एकटी. पोटची एकच पोर, मंजुश्री. ती ख्रिस्ती घरात दिलेली. पहिल्याच बाळंतपणात गेली आणि चर्चच्या कबरस्तानात पुरली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

म्हातारीला तेवढी जागा हवी होती. दुसरं काही नको.

"माझी पोर तिथं एकटी निजायलीय, अक्का," ती मावशीला म्हणायची. "तिला लहानपणापासून एकटीला झोप येत न्हाई. मला तिच्या बाजूला न्हेऊन ठेवा."

पण त्या कबरस्तानात जागा मिळायची तर चर्चच्या रजिस्टरात नाव पाहिजे. नाव पाहिजे तर बाप्तिस्मा पाहिजे. आणि बाप्तिस्मा पाहिजे तर बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र अथपासून इतिपर्यंत पाठ पाहिजे, असं मावशीनं सांगून टाकलं होतं. वचनं सहा. शोभाबाईला पाच यायची.

सहावं काही केल्या येईना. त्या शेवटच्या वचनात देवाच्या घरी कायमचं राहण्याची गोष्ट आहे. नेमकी तिथं म्हातारीची गाडी अडायची. ओठ हलायचे, पण शब्द यायचा नाही.

आदल्या गुरुवारीही तसंच झालं.

"पुढच्या गुरुवारी पुरं म्हणा," मावशी म्हणाली. "मग मी स्वतः चर्चच्या पाळकांशी बोलते."

"तवर मी राहीन का ग?" म्हातारी हसली होती.

मग मावशी तीन दिवस गुलबर्ग्याला महिलांच्या सभेला गेली. सभेत मोबाइल बंद ठेवायचा नियम. बुधवारी घरी येऊन चालू केला तर सोजराबाईचे चार कॉल येऊन गेलेले.

मावशीनं विचार केला, उद्या जायचंच तर आहे.

हा उद्या तिला जन्मभर पुरणार होता.

गुरुवारी ती पोचली तेव्हा बारा वाजले असतील. गाव चिडीचूप होतं. पारावर माणूस नाही. कुत्रं नाही. नदीला पाणी होतं, पण त्याचाही आवाज येत नव्हता...

सोजराबाईचं दार उघडं. आत सतरंजी अंथरलेली. डबा जागेवर. पण घरात कुणीच नाही.

मावशीनं हाका मारल्या. ओ आली नाही. शेतात गेल्या असतील, येतील, असं म्हणून ती सतरंजीवर बसली. पदर घेतला, डोळे मिटले आणि मनात प्रार्थना सुरू केली.

थोड्या वेळानं...

सर्रर्र...

डब्यात ज्वारी पडल्याचा आवाज.

आली एक, मावशीला वाटलं. तिनं डोळे उघडले नाहीत. प्रार्थना अर्धी सोडायची नाही, हा तिचाच नियम.

पाय घासत कुणीतरी आत आलं. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, समोर बसलं. ओल्या लुगड्याचा वास आला.

मग आवाज... शोभाबाईचा.

पहिलं वचन. दुसरं. तिसरं. एकही शब्द चुकत नव्हता. मावशीला मनातून फार आनंद झाला. चौथं झालं, पाचवंही झालं.

आणि... थांबलं.

बाहेर पानही हलत नव्हतं. समोर फक्त धाप लागल्यासारखा श्वास.

"अक्का... तेवढं सांग की ग."

मावशीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पहिला शब्द जरी दिला असता तरी पुढचं म्हातारीनं ओढून नेलं असतं.

पण मावशी म्हणाली, "आठवा."

"आठवत न्हाई ग. लई लांब जायचंय मला. सांग."

"आठवा, शोभाबाई. येतंय तुम्हाला."

मग अगदी हळू, लहान मुलानं हिरमुसून म्हणावं तसं...

"बरं. जाते मग."

मावशीनं डोळे उघडले.

समोर कुणी नव्हतं. जिथं म्हातारी बसायची, तिथं सतरंजी ओली होती.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. सोजराबाई आणि बाकीच्या चौघी नदीकडून येत होत्या. केस ओले, डोळे सुजलेले. मावशीला आत बसलेली पाहून सोजराबाई उंबऱ्यातच थबकली.

"अक्का, तू आत कशी आलीस? मी तर कडी लावून गेल्ते."

"दार उघडं होतं. सतरंजी पण अंथरली होती. शोभाबाई आत्ताच..."

सोजराबाईनं तोंडाला पदर लावला.

"कोण शोभाबाई? शोभाबाई मंगळवारी गेली ग. चार फोन केले तुला, कामून उचलला न्हाईस? शेवटपत्तूर म्हणत होती, अक्काला बोलवा, मला मंजूजवळ न्या. पुतण्यानं ऐकलं न्हाई. चर्चमंदी तिचं नाव हाय का म्हणला. नदीवरच अग्नी दिला. आज तिसरा. आत्ता राख सोडून यायलोय आम्ही."

मावशी उठून डब्यापाशी गेली. सोजराबाईनं तो आदल्या आठवड्यातच रिकामा करून पालथा ठेवला होता म्हणे.

डबा सुलटा होता. तळाशी मूठभर ज्वारी... भिजलेली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं पाळकांना सगळं सांगितलं. ते भुताचं काही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "स्तोत्र पाठ पाहिजे, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं, महानंदाबाई? तिचा विश्वास होता ना? मी त्याच दिवशी बाप्तिस्मा दिला असता."

कुणीच सांगितलं नव्हतं. आपण शिकवलेलं माणूस कच्चं दिसू नये, एवढाच मावशीचा हट्ट होता. आम्ही तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतर दर गुरुवारी पाच बायकांचं म्हणून झालं की मावशी सहावं वचन स्वतः मोठ्यानं म्हणायची. थांबायची. कान द्यायची.

काहीच यायचं नाही.

शेवटी डिसेंबरात एका दुपारी ती एकटीच कबरस्तानात गेली. म्हातारी पोरीपाशी पोचली असेल, असं तिला वाटलं. मंजुश्रीच्या कबरेशेजारच्या रिकाम्या जागेवर तिनं डब्यातली जपून ठेवलेली ती भिजून वाळलेली ज्वारी ठेवली, डोळे मिटले आणि सहावं वचन म्हटलं. सावकाश, एकेक शब्द.

"शोभाबाई," ती म्हणाली, "आता म्हणा."

वारा नव्हता. पाखरू नव्हतं.

मग... जमिनीतून यावा तसा आवाज आला. म्हातारीचा नव्हता. तरण्या बाईचा होता, झोपेतून उठल्यासारखा.

"आई अजून आली न्हाई, अक्का... कुठंय ती?"

मावशी तिथून कशी परतली, ते तिलाही सांगता येत नाही.

ती अजून त्या गावात जाते. कुणी अडलं की लगेच पुढचा शब्द सांगते. आणि प्रार्थना करताना आता ती डोळे मिटत नाही.