डचेसच्या खुर्चीची पेटी

त्या पेटीचं वजन मला आजही पाठ आहे. येताना चौऱ्याऐंशी किलो. जाताना किती भरलं तेही सांगतो, पण आधी बाकीचं ऐका, नाहीतर ऑस्करचं डोकं फिरलंय असं म्हणाल.

मी ऑस्कर, वसईचा. बावीस वर्षं अबू धाबीत आहे, आणि त्यातली चौदा म्युझियमचं सामान उचलण्यात गेली. चित्रं, पुतळे, एकदा तर अख्खा दरवाजा. आमचा मालक चंद्रहास म्युझियमकडून कंत्राट घेतो आणि घाम आम्ही गाळतो. या कामानं मला एकच विद्या दिली. वस्तू हातात घेतली की काट्याच्या आधी मी वजन सांगतो, आणि फार चुकत नाही. घरी बेव्हर्लीला, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, याचं भारी कौतुक. मी दारात आलो की ती हात वर करून उभी राहायची. मी उचलून म्हणायचो, "सव्वीस." ती म्हणायची, "राँग. ट्वेंटी सिक्स." मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर कायम इंग्रजीत. माझी बायको लुसी यावरून रोज तिच्या मागे लागायची.

गेल्या जानेवारीत कार्गोमधून ती पेटी आणायला मी गेलो. प्रदर्शन होतं इटलीतल्या एका छोट्या राज्याच्या डचेसचं, ऑर्तेन्झिया तिचं नाव. पाचशे वर्षांपूर्वी नवरा अंथरुणाला खिळला आणि हिनं एकोणीस वर्षं एकटीनं राज्य केलं. सैन्य जेमतेम, पण पदरी चित्रकार मात्र भरपूर. पेटीबरोबर तिकडच्या म्युझियमची एक बाई आली होती. दुसऱ्याची मौल्यवान वस्तू प्रवासात असली की त्यांचं एक माणूस सोबत येतं, आम्ही त्याला कुरियर म्हणतो. साठीची, करड्या कोटातली, हळू आवाजात इंग्रजी बोलणारी बाई. पेटीवरून तिचा हात एकदाही निघाला नाही.

आमच्यात नियम आहे. बाहेरून आलेली पेटी चोवीस तास उघडायची नाही. आतल्या जुन्या लाकडाला इथल्या हवेची सवय व्हावी लागते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी झाकणाचे स्क्रू काढले तेव्हा मेणाचा आणि वाळलेल्या फुलांचा वास आला. आत एक बुटकी खुर्ची होती, लहान मुलाला बसता येईल एवढी. भोवती फोम. फोम नेहमी वस्तूच्या आकारात तंतोतंत कापतात, बोटभरही जागा सोडत नाहीत. इथे मात्र बैठकीच्या वर मोठी पोकळी सोडली होती. पाठीला, खांद्यांना, डोक्याला गोलाई दिली होती.

"इथे काय असतं?" मी विचारलं.

"ही पेटी अशीच करायची असते," बाई म्हणाली.

खुर्ची आम्ही डचेसच्या मोठ्या तैलचित्राखाली मांडली. चित्रात ती उंच आसनावर बसलेली, आणि शेजारी हीच खुर्ची, रिकामी. दालनाला खिडकी नाही, आणि जुन्या रंगांसाठी दिवे इतके मंद ठेवतात की भर दुपारी तिन्हीसांजेसारखं वाटतं. बाई टॉर्चनं चित्राचा एकेक तडा तपासत होती आणि तपासता तपासता सांगत होती.

"ज्या सरदाराचा तिला धोका वाटायचा त्याच्याकडे या चित्राची नक्कल भेट म्हणून जायची. पत्र नाही, धमकी नाही. रिकामी खुर्ची बघून त्याला समजायचं. मग तो आपली मुलगी दरबारी पाठवायचा."

"आणि जबरदस्ती?"

"कधीच नाही. बापाच्या सहीशिवाय तिनं एकही मुलगी घेतली नाही."

"परत कधी यायच्या त्या?"

तिनं टॉर्च बंद केला. "उद्या सकाळी किती वाजता सुरू करायचं?" तिनं विचारलं.

खरं सांगायचं तर मी हे सगळं विसरलो. मार्चमध्ये शाळेला सुट्टी लागली, लुसीची हॉटेलात ड्यूटी होती, म्हणून एक दिवस मी बेव्हर्लीला कामावर घेऊन गेलो. तळघरात रिकाम्या पेट्यांना कीड लागली का ते बघायचं होतं. मी डचेसची पेटी उघडली आणि वळून दुसरीकडे गेलो. परत बघतो तर ही बया फोममध्ये जाऊन बसलेली. पाठ, खांदे, डोकं, सगळं त्या पोकळीत बरोबर बसलं होतं.

"डॅडा, इट्स माय साइझ," ती म्हणाली.

मला हसू आलं. झाकणाच्या आत सामानाची यादी चिकटवलेली असते. त्यावर छापलं होतं, एक खुर्ची. मी खाली पेन्सिलनं इंग्रजीत लिहिलं, एक बेव्हर्ली. ती खूश झाली. यादीत काही वाढवलं की पुढे सही करायची ही आमची शिस्त, आणि चौदा वर्षांच्या सवयीनं माझ्या हातानं सहीही केली. मग मी तिला उचलून बाहेर काढलं. सव्वीस.

मे महिन्यात प्रदर्शन संपलं. म्युझियम बंद असतं त्या सोमवारी आम्ही सामान बांधायला घेतलं. बाई परत आली होती, तोच कोट घालून. खुर्ची मी स्वतः फोममध्ये ठेवली. वरची पोकळी रिकामी होती, हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन. झाकण लावण्याआधी बाईनं यादी वाचली आणि पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही सही तुमची?"

"गंमत केली होती, मॅडम. मुलगी आहे माझी. खोडतो."

"सही झालेलं खोडत नाहीत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं झाकण लावून घेतलं आणि कस्टमचं सील ठोकलं.

मग पेटी काट्यावर चढवली. एकशे दहा.

मी उतरवून पुन्हा चढवली. एकशे दहा. दुसरा काटा मागवला. एकशे दहा. फरक किती ते मला काट्यानं सांगायची गरज नव्हती. मी पेटीवर वाकलो. आणि त्या शांततेत पेटीतून बारीक आवाज आला. टक... टक... खुर्चीत बसलेलं पोर पाय हलवतं आणि टाच लाकडाला लागते, तसा.

"उघडा," मी म्हणालो. "मॅडम, पेटी उघडा."

"यल्ला ऑस्कर, चल लवकर, काय लावलंय?" चंद्रहास म्हणाला. "ट्रक उभाय, फ्लाइट चुकेल. सील तोडलं तर कस्टमचं सगळं परत करायला लागेल. काटा बिघडलाय, खलास."

मी घरी फोन लावला. लुसीची त्या दिवशी सुट्टी होती.

"बेव्हर्ली कुठेय?"

"कुठे असणार? समोर बसून होमवर्क करतेय. का रे?"

"तिला दे."

फोन तिच्याकडे गेला. "बेबी, यू ओके?"

"हो डॅडा," ती म्हणाली. "मी इथेच बसले आहे. तुम्ही काम करा."

माझा जीव भांड्यात पडला. पोर घरी आहे, सुखरूप आहे, मग काटाच खोटा. बाई माझ्याकडे बघत होती. "उघडायची असेल तर आत्ता सांगा," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी नेणार नाही."

मी वजनाचा कागद घेतला आणि एकशे दहाच्या पुढे सही केली. बाईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. फक्त जाताना तिनं पेटीवर हात ठेवला आणि तिच्या भाषेत खाली वाकून काहीतरी हळूच बोलली. आवाज थांबला.

खलिफा सिटीला घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की बेव्हर्ली फोनवर मराठीत बोलली. लुसीला तर आनंद झाला होता. "बघ, शाळेतून आल्यापासून एक इंग्रजी शब्द नाही," ती म्हणाली. बेव्हर्ली सोफ्याच्या कडेला ताठ बसली होती, हात मांडीवर, एकावर एक. तिनं हात वर केले नाहीत. मीच जाऊन तिला उचललं.

भरलेला खोका समजून रिकामा उचलला की हात कसे भसकन वर येतात, तसं झालं.

"किती, डॅडा?" तिनं विचारलं.

मी तिला खाली ठेवलं.

पंधरा दिवसांनी तिकडून नेहमीची मेल आली. सामान पोचलं, सोबत यादीची फोटोकॉपी. जी वस्तू मिळाली तिच्यापुढे तिकडची माणसं शाईनं बरोबरची खूण करतात. एक खुर्ची, पुढे खूण. खाली माझ्या पेन्सिलीची ओळ, माझी सही. तिच्याही पुढे खूण होती.

मी तीन वेळा लिहून विचारलं. म्युझियमनं कळवलं की करड्या कोटातली अशी कुणी बाई त्यांच्याकडे कामाला नाही, आणि खुर्ची सुस्थितीत आहे.

लुसी सगळ्यांना सांगते, मुलगी किती शहाणी झाली, किती नीट बसते. रोज संध्याकाळी मी किल्ली फिरवतो तेव्हा ती दारात उभी असते, हात एकावर एक ठेवून. मी बाजूनं आत जातो. ती मान वर करून स्वच्छ मराठीत विचारते, "आजही उचलणार नाही का, डॅडा?"