बिनझाकणाचा डबा

"याची चाकं काढून मिळतील का?"

मी मान वर केली. काउंटरवर भलीमोठी, चकचकीत लाल ट्रॉली बॅग आणि तिच्यामागे घामाघूम झालेला एक उंच मुलगा. उल्हासनगरात बाबांच्या बॅगांच्या कारखान्यात लोक चाकं बसवून घ्यायला येतात. काढून घ्यायला आलेला हा पहिलाच.

"चाकं काढून काय, डोक्यावर घेणार?"

"बोटीवर कडक बॅग चालत नाही म्हणे." तो ओशाळून हसला. "मामांनी हौसेनं घेतली... आणि मला कळलं काल."

हा अमित. बदलापूरच्या शेतीवाल्या घरातला, हॉटेलात कुक. एका बड्या माणसाच्या यॉटवर स्वयंपाकी म्हणून निघाला होता. तिकडचा अख्खा उन्हाळा ग्रीसच्या समुद्रात, परत यायचं ते दिवाळीच्या तोंडावर. झोपायला फळीएवढी जागा, म्हणून बॅग मऊ हवी – रिकामी झाली की घडी करून गादीखाली सरकवता येईल अशी.

"चाकं काढून ती मऊ होणार नाही. कॅनव्हासची शिवून देते," मी म्हटलं. "ही लाल ठेवा घरी. लग्नात कामाला येईल."

"कोणाच्या?"

"तुमच्या. माझ्या कशाला..."

तो नुसता हसला. मला उगाच गरम व्हायला लागलं.

एवढी बॅग मी दुपारभरात शिवते. या बॅगेत मात्र काही ना काही कमीच पडत राहिलं. आधी सुऱ्यांचा कप्पा, मग मसाल्यांचा, मग पट्टा जरा आखूड. तो दर वेळी बदलापूरहून यायचा आणि मुकाट्यानं खांद्याचं माप द्यायचा. तेच माप पुन्हा पुन्हा कशाला, हे त्यानं कधी विचारलं नाही.

एकदा त्याच्या आईनं बांधावरची जांभळं पाठवली, स्टीलच्या डब्यात. खाता खाता मी बॅगेच्या आतल्या पांढऱ्या कप्प्याला हात लावला आणि अंगठा जसाच्या तसा उमटला. गिऱ्हाइकासमोर डाग पाडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उसवते. दुसरा कप्पा लावते."

"राहू दे ना. तिकडं ओळखीचं काय असणार मला? तुझा... तुमचा अंगठा असू दे."

"तुझाच म्हण," मी म्हटलं आणि मशीन चालू केलं.

मला तो आवडत होता. आणि तो निघाला होता. इकडे अंबरनाथला, घरी, दिवाळीनंतर कोणीतरी मुलगा बघून माझं लग्न उरकायचं असं बाबांनी ठरवून टाकलं होतं.

शेवटी तो बॅग न्यायला आला. पट्टा खांद्यावर नीट बसला. आता काढायला खोट उरली नव्हती.

"आईनं डबा मागितलाय."

डबा मी घासूनपुसून फळीवर ठेवला होता.

"रिकामा कसा देऊ? आमच्यात देत नाहीत."

"आमच्यातपण नाही. चिमूटभर साखर टाक, चालेल."

चहाची साखर हाताशीच होती. मी तिला हात लावला नाही.

"काय भरायचं ते सुचलं नाही अजून. दिवाळीला ये. तोवर राहील इथंच."

त्यानं बॅग पुन्हा काउंटरवर ठेवली. "आई विचारेल, डबा कोणाकडं ठेवलास?"

"सांग की."

"काय सांगू?"

"ऋता म्हणून एक आहे. तिला मी आवडतो." मी बोलून टाकलं. "आणि... तुला ती आवडत असेल, तर तेही सांग."

त्यानं फळीवरचा डबा उचलला, झाकण काढलं आणि ते बॅगेतल्या अंगठ्याच्या डागावर ठेवून कप्प्याची चेन लावली. डबा परत माझ्यापुढे ठेवला.

"झाकण मी नेतो. आईच्या डब्याचं झाकण हरवलं ना, तर ती घरात घेणार नाही मला. म्हणजे यावंच लागेल."

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ऋता का? मी अमितची आय. डबा ऱ्हाऊदे गो तुजेकरं." मग हसू दाबत, "पन दिवालीला तूच घेऊन ये. आनि रिकामा नको आनू."