खिशातला दुसरा बॉल

रहीमनं मला विचारलेला पहिलाच प्रश्न जवळजवळ बेकायदा होता.

"तुम्ही कोणती काठी मारली?"

जानेवारीतली सकाळ होती. करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून आत गेलं की आमचं नऊ होलचं मैदान लागतं. गवतावरचं दव अजून सुकलं नव्हतं. हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि माझ्या चिठ्ठीत हा निघाला होता... उंच, सावळा, गळ्यात निळा मफलर, आणि हसू असं की जणू आमची दहा वर्षांची ओळख.

"काठी नाही, क्लब," मी म्हणाले. "आणि खेळ चालू असताना असं विचारणं म्हणजे सल्ला मागणं. दोन फटके दंड. तुमचा पहिला फटका अजून पडला नाही, म्हणून वाचलात."

"मग आत्ताच सगळं विचारून घेतो की. नाव काय तुमचं?"

"सगीरा. चिठ्ठीवर आहे."

"वाचलं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

घ्या! मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. दिवसभर चांगल्या दिसणाऱ्या वस्तूतली खोट शोधायची, हे माझं काम. त्यामुळं फार चांगलं दिसणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो. त्यात हा वेरूळला जपानी पाहुण्यांना लेणी दाखवणारा गाईड. त्या पाहुण्यांनीच त्याला हा खेळ शिकवला आणि जाताना जुने क्लब देऊन टाकले, असं तो सांगत होता. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. याचे तर दगडही विकले जात असतील.

मग त्यानं पहिला फटका मारला. बॉल सरळ, उंच, लांब गेला. इतका सुरेख की मी हातातलं त्याचं कार्ड पुन्हा वाचलं.

कारण त्याच्या कार्डावर हँडिकॅप होता अठरा. म्हणजे कच्चा खेळाडू म्हणून एकूण फटक्यांतून अठरा वजा. मला नऊच. अठरा हँडिकॅपवाला असा मारतो? पाणी कुठंतरी मुरत होतं. सूट मिळावी म्हणून वर्षभर मुद्दाम वाईट खेळणारे महाभाग मी पाहिले होते.

आणि मला तो दिवस हरायचा नव्हता. इथं पहिला येईल तो एकटाच पुण्याच्या अंतिम स्पर्धेला जाणार होता. माझे अब्बा, मोहियोद्दीन, या मैदानाचे हेड माळी. त्याआधी उमेदीची वर्षं त्यांनी पुण्याच्या मैदानावर कॅडी म्हणून साहेबलोकांच्या क्लबांच्या पिशव्या उचलण्यात घालवली. आमच्या घरातलं कुणीतरी तिथं एकदा खेळायला जावं, एवढीच त्यांची हौस. मी लहानपणी हरवलेले बॉल वेचता वेचता खेळायला शिकले, ते त्यांच्यामुळंच.

गोल्फमध्ये पंच मागंमागं फिरत नाही. माझं कार्ड त्याच्या हातात, त्याचं माझ्या. प्रत्येकानं आपले फटके खरे सांगायचे आणि दुसऱ्यानं लिहायचे. सगळा खेळ विश्वासावर... आणि विश्वास ठेवायला मला कोण मिळाला होता, तर हा!

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, आल्यावर त्यानं हातभर अंतरावरून होल चुकवलं. मग परत चुकवलं. मग तिसऱ्यांदा.

"मुद्दाम?" मी विचारलं.

"व्हय. मला हरायचा लई शौक आहे," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "अहो, लांबचं जमतं मला. जवळ आलं की हात थरथरतो."

हे म्हणताना तो होलकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. मी कार्डावर मान घातली आणि सात हा आकडा उगाच दोनदा गिरवला.

आमच्या सातव्या होलपाशी एक जुनी कबर आहे. कुणाची, ते कुणालाच माहीत नाही. दर स्पर्धेच्या आदल्या दिवशी अब्बा तिच्याभोवती चुन्याची रेघ मारतात. बॉल रेघेच्या आत गेला तर जोडे काढून जायचं, बॉल उचलून बाहेर टाकायचा, दंड नाही. बाहेर राहिला तर आहे तिथूनच खेळायचं. इथला हा खास नियम पहिल्या फेरीत मी त्याला समजावून सांगितला. त्यानं ऐकता ऐकता कबरीला सलाम केला, आणि क्षणभर तो मला आवडलाच. लगेच मी स्वतःला दटावलं. गाईड आहे बाई तो, दगडांना सलाम करणं त्याचा रोजचा धंदा!

नऊ होल दोनदा खेळायची असतात. दुसऱ्या फेरीत आम्ही पुन्हा सातव्यावर आलो, तेव्हा बरोबरीत होतो. त्याचा बॉल कबरीच्या मागं गेला. माझा तीस पावलांवर वाळक्या गवतात अडकला.

तो मागं गेला. दिसेना. मी बॉलजवळ उभी राहिले, हातात क्लब, नजर मात्र तिकडंच. इतका वेळ काय करतोय? त्याचे जोडे रेघेबाहेर दिसले. म्हणजे अनवाणी आत शिरलाय. मग कबरीआडून दिसला. वाकला. खिशात हात घातला... क्लब फिरवताना माझी मान तिकडंच वळलेली होती. तेवढ्यात तो बाहेर आला आणि ओरडला, "सापडला! रेघेच्या बाहेर आहे, दोन बोटं. हितूनच मारतो!"

त्याच्या पँटचा उजवा खिसा टम्म फुगला होता.

मला सगळं लख्ख कळलं. बॉल हरवला होता. यानं खिशातला दुसरा बॉल सोयीच्या जागी ठेवला होता. नाहीतर बाहेर पडलेल्या बॉलसाठी जोडे कोण काढतं? त्यानं तिथून मारलेला फटका थेट ग्रीनवर उतरला, तेव्हा तर खात्रीच झाली. मी दात ओठ खाऊन माझा बॉल ग्रीनवर आणला आणि होलमध्ये घातला.

"पाच ना तुमचे?" माझं कार्ड हातात धरून त्यानं विचारलं. पेन्सिल जरा थांबली होती.

"पाच. का? शंका आहे?"

"नाय... तुम्ही सांगाल ते."

ते थांबणं मला छद्मी वाटलं. पुढची दोन होल मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. तो दोनदा काहीतरी बोलायला आला, खिशाकडं हात नेला आणि माझा चेहरा बघून परत फिरला.

कार्डं जमा करायच्या तंबूत काकासाहेब बसले होते. स्पर्धा समितीचे प्रमुख, निवृत्त तहसीलदार, नियमाला पक्के. माझं कार्ड रहीमच्या आणि माझ्या सहीसकट त्यांच्यापुढं जमा झालं. सूट वजा जाता सत्तर. रहीमचे एकाहत्तर, बाकीचे सगळे त्याच्या मागं. त्याचं कार्ड मी हातातच ठेवलं.

"यावर मी सही करणार नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "यांच्या खिशात दुसरा बॉल आहे. सातव्यावर यांनी तो टाकला."

काकासाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. दाराशी अब्बा उभे होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. बक्षीस मुलीला मिळणार म्हणून तो सदरा त्यांनी सकाळी स्वतः इस्त्री केला होता.

"बॉल बाहेर व्हता म्हणता, मग जोडे कशाला काढले?" काकासाहेबांनी विचारलं. "खिसा दाखवा."

रहीमचे कान लाल झाले. त्यानं खिशात हात घातला आणि टेबलावर मूठ उघडली.

बोरं. पिकलेली, तांबूस, दोन तर चेपून गेलेली.

"रेघेच्या आतल्या बाजूला बोरीचं झाड आहे," तो खालमानेनं म्हणाला. "आत जायचं म्हणून जोडे काढले. पहिल्या फेरीत यांनी त्या झाडाकडं पाहिलं व्हतं. म्हटलं... द्यावीत. पण नंतर यांनी असं पाहिलं की हिंमतच झाली नाय."

कुणीतरी हसलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी खरंच पाहिलं होतं त्या झाडाकडं. माझं मलासुद्धा आठवत नव्हतं, याला आठवत होतं.

"ही तक्रार निकाली," काकासाहेब म्हणाले. "आता तुमचं यांच्याबद्दल काही?"

"काही नाय," रहीम म्हणाला. चटकन. जरा जास्तच चटकन.

आणि तेव्हा मला ते आठवलं. वाळकं गवत. वळलेली मान. फिरवलेला क्लब... आणि जागचा न हललेला बॉल. मी मारायला गेले होते आणि हुकले होते! हवेतला फटकाही फटकाच धरतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघण्याच्या नादात मी स्वतःचा फटका मोजायलाच विसरले होते. सातव्याचे माझे पाच नव्हते, सहा होते. आणि सही केलेलं कार्ड एकदा जमा झालं की त्यात खाडाखोड नाही. खऱ्यापेक्षा कमी फटक्यांचं कार्ड म्हणजे स्पर्धेतून बाद.

ती पेन्सिल थांबली होती ती का, ते आता कळलं.

"काकासाहेब," मी म्हणाले, "सातव्यावर माझा एक फटका हवेत गेला. मोजला नाही."

त्यांनी चष्मा काढला. रहीमकडं वळले. "तुम्ही बघितलं?"

"हात फिरवताना दिसल्या. मला वाटलं, सराव करतायत. म्हणून विचारलं, पाच ना."

"सरावाचा असंल तर तो फटका नाय." काकासाहेब माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "मारायचा हेतू व्हता का नव्हता, ते मारणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्या कुणाला ते ठरवता येत नाय. बोल बेटी. सराव व्हता?"

एक 'हो'. एवढंच म्हणायचं होतं. पुणं समोर होतं, दाराशी पांढरा सदरा होता, आणि मला खोटं पाडू शकणारा माणूस नजर खाली घालून उभा होता. खरं सांगते, तो 'हो' माझ्या ओठांवर आला होता.

"नाही," मी म्हणाले. "मारायलाच गेले होते."

काकासाहेबांनी माझ्या कार्डावर आडवी रेघ मारली. रहीमच्या कार्डावर मी सही केली. पुण्याचं तिकीट त्याचं झालं.

बाहेर आले तेव्हा रडू आवरत नव्हतं. अब्बांनी डोक्यावर हात ठेवला. "घासकू सब मालूम रहता, बेटा. तू बोल दी, अच्छा करी." मग सदऱ्याच्या बाह्या दुमडून ते गवताला पाणी सोडायला निघून गेले.

मी लिंबाखाली बसले. थोड्या वेळानं शेजारी रुमाल पसरला गेला. त्यावर बोरं.

"आता विचारू शकतो ना?" रहीम म्हणाला. "स्पर्धा संपली."

"विचारा."

"पुण्याला माझ्यासंगं याल? कॅडी म्हणून?"

मी ताडकन उभी राहिले. "आमच्या घरानं पुष्कळ पिशव्या उचलल्या!"

"पिशवी मी माझी उचलीन," तो घाईघाईनं म्हणाला. "पण नियमात सल्ला देणारीपण कॅडीच असते ना? तुम्ही नुसतं शेजारून चाला. जवळचं मला जमत नाय, ते सांगा. मग पुढच्या वर्षी तुम्ही खेळा आणि पिशवी मी उचलतो. अब्बांना दोन्ही वेळा गाडीत पुढच्या सीटवर बसवू."

नियम बरोबर होता. मी मनातल्या मनात दोनदा तपासला. त्याच्या चेहऱ्यातही खोट शोधली. सवय हो. सापडली नाही, आणि पहिल्यांदाच खोट न सापडल्याचा मला आनंद झाला.

मी खाली बसले. चेपलेलं बोर उचलून तोंडात टाकलं. गोड होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. आवाज थरथरत होता, हातभर अंतरावरून मारताना थरथरायचा तो हात तसा. "दिवसभर माझ्याकडं बघत व्हता तुम्ही. ते सगळं... संशयानंच?"

"तंबूत बोरं दिसेपर्यंत, हो."

"आणि त्याच्यानंतर?"

मी दुसरं बोर उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ते मारणाऱ्यालाच ठाऊक," मी म्हणाले. मग वाटलं, आज एकदा खरं सांगितलंच आहे, तर हेही सांगून टाकावं. "मुद्दाम बघत होते."